‘थ्रिल’चा माग: शब्दाचं मूळ शोधायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या मावशीच्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांची जोडणी, केला. घरी सोडताना नर्सने तिचा डावा हात हातात घेतला, मनगटाच्या थोडं वर तिचीच दोन बोटं टेकवली आणि म्हणाली, “मावशी, इथे थ्रिल लागतो ना? रोज सकाळी उठल्यावर असाच बघायचा. एक दिवस जरी लागला नाही, तर लगेच कळवायचं.” मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, “गो बाय, ह्या वयात मला कसला थ्रिल!” मग मीही बोटं टेकवून पाहिली. कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी बारीक, अखंड थरथर चालू होती.

घरी येताना मयेचा तलाव लागतो. तिथे बंजी जंपिंग चालतं, आणि ते करून आलेली मुलं हाच शब्द वापरतात. दोरीला बांधून उंचावरून उडी टाकणाऱ्या मुलाला जो थ्रिल मिळतो, तोच मावशीच्या मनगटात कसा? या प्रश्नापासून मी या शब्दाच्या मागे लागले. माग काढायची पद्धत पुढे देते आहे. शब्द मी ‘थ्रिल’ घेतला आहे, पण पद्धत कुठल्याही शब्दाला लागू पडेल. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, धीर आणि आपल्या आवडत्या कल्पनेवरही शंका घ्यायची तयारी, एवढं पुरे.

आधी वाक्यं वेचा, कोश नंतर

नवीन माणूस लगेच कोश उघडतो आणि पहिला अर्थ उतरवून घेतो. तसं करू नका. आधी तो शब्द लोकांच्या तोंडून पकडा. आठवडाभर मी जिथे ‘थ्रिल’ कानावर पडला ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. कळंगुटला पॅरासेलिंग करून आलेला भाचा म्हणाला, “वर गेल्यावर खरा थ्रिल येतो.” पावसाळ्यात म्हादईवर राफ्टिंगला जाणारे हेच म्हणतात. क्रिकेटच्या बातमीत शेवटच्या चेंडूपर्यंत गेलेला सामना ‘थ्रिलर’ असतो. शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतरच्या आयुष्याबद्दल सांगितलं, “सगळं आहे, पण थ्रिल गेला.” ऑफिसातल्या इंग्रजी मेलमध्ये नवीन कामावर रुजू होणारी बाई ‘थ्रिल्ड’ असते. आणि मावशीचा हात.

ही वाक्यं शेजारी शेजारी मांडली की कोशाआधीच बरंच दिसतं. मराठीने हा शब्द इंग्रजीतून अख्खा उचलला नाही, त्याचा एक काप उचलला. आपल्याकडे थ्रिलला थोडी भीती, थोडा धोका लागतो. नातीच्या बारशाला ‘मला थ्रिल झाला’ असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र ‘थ्रिल्ड’ माणूस नुसता फार खूश असू शकतो, त्याला कुठून उडी मारावी लागत नाही. तिसरा अर्थ डॉक्टरांचा, हाताला लागणाऱ्या कंपनाचा. त्यात ना भीती ना आनंद. स्टेथोस्कोप शोधणारे फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी छातीवर हात ठेवल्यावर जाणवणाऱ्या अशा कंपनाला मांजराच्या गुरगुरण्याची उपमा दिली होती. माझ्या बोटांनाही नेमकं तेच आठवलं होतं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

मग आपल्या घरचे शब्द शेजारी ठेवा

परक्या शब्दाचा अर्थ आपल्या शब्दांच्या मापानेच नीट कळतो. थरार, रोमांच, शहारा, अंगावर काटा येणे, काळजात चर्र होणे, हुरळून जाणे, उकळ्या फुटणे. यातला प्रत्येक शब्द शरीराच्या एखाद्या भागाकडे बोट दाखवतो. थरारात अंग हलतं. रोमांच म्हणजे रोम, अंगावरचे बारीक केस, उभे राहणं. काटाही तोच.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हर्ष हा शब्द या रांगेत शोभत नाही असं वाटतं. हर्ष म्हणजे निव्वळ आनंद, हो ना? पण ज्या ‘हृष्’ धातूपासून तो आला, त्याचा मूळ अर्थ केस ताठ उभे राहणं असाही आहे. रोमहर्षण या जुन्या शब्दात तो अजून शिल्लक आहे. लॅटिनमध्ये याच मुळापासून निघालेल्या क्रियापदाचा अर्थ ‘केस ताठ होणे’ आणि त्यावरून ‘भीतीने शहारणे’ असा होता. त्यातून इंग्रजीत आला तो ‘हॉरर’. म्हणजे आपला हर्ष आणि त्यांचा हॉरर एका मुळाचे. केस उभे राहिले एवढंच मूळ शब्दाने सांगितलं. ते आनंदाने की भयाने, हे नंतर एकेका भाषेने आपापल्या परीने ठरवलं. अचानक उचंबळून येणाऱ्या भावनांच्या शब्दांत ही गोष्ट वारंवार भेटते, म्हणून वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा: अशा शब्दाचं मूळ मनात शोधू नका, आधी शरीरात शोधा.

कोश उघडा, पण शेवटून वाचा

आता कोश. इंग्रजी शब्दासाठी सगळ्यांत मोठा आधार ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशाचा. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. हजारो वाचकांनी पुस्तकं वाचून, वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, त्यांवर तो उभा राहिला. म्हणजे वाक्यं वेचायचं जे काम आपण आठवडाभर केलं, तेच त्यांनी अनेक दशकं केलं. घरबसल्या बघायचं तर ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ ही फुकट आहे आणि नवशिक्याला पुरेशी आहे. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश, १८३१चा आणि त्याची वाढवलेली १८५७ची आवृत्ती, कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’. आणि संस्कृतासाठी मोनिअर-विल्यम्स. मोल्सवर्थ आणि मोनिअर-विल्यम्स दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात.

कागदावरचे कोश हाताळायचे असतील तर पणजीत पाटोला असलेलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. हे ग्रंथालय १८३२ साली, पोर्तुगीज अमलात सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे, त्या केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली मराठीत कृष्णचरित्र रचायला घेतलं होतं. जड कोश टेबलावर उघडून बसलं की एक फायदा होतो, तो पडद्यावर होत नाही: शोधलेल्या शब्दाच्या वरचे-खालचे शब्दही दिसतात, आणि नातलग बरेचदा तिथेच शेजारी बसलेले असतात.

कोशातली नोंद शेवटाकडून वाचा असं म्हणते, त्याचं कारण सरळ आहे. रोजच्या वापराच्या कोशात आजचा अर्थ आधी असतो आणि मूळ कंसात, शेवटी, बारीक अक्षरात. आपल्याला त्या बारीक अक्षरापासून चढत वर यायचं आहे.

भोकापासून थरारापर्यंत

‘थ्रिल’च्या नोंदीत तळाशी जे सापडलं ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘थिरेल’ असा एक शब्द होता. अर्थ: भोक. त्यावरून क्रियापद झालं, भोक पाडणे, आरपार जाणे. पुढच्या काळात त्यातला ‘र’ आपली जागा सोडून स्वराच्या अलीकडे आला आणि ‘थिर्ल’चा ‘थ्रिल’ झाला. अशी अदलाबदल सगळ्या भाषांत होते. आपल्याकडे वाराणसीचं बनारस झालं, नुकसानाला कित्येक जण नुस्कान म्हणतात. इंग्रजीत ‘बर्ड’ आधी ‘ब्रिड’ होता. ‘थिर्ल’ हे जुनं रूपसुद्धा इंग्रजीच्या काही बोलींत भोक पाडणे या अर्थाने टिकून राहिलं.

पुरावा हवा? तुमच्या चेहऱ्यावर आहे. नाकपुडीला इंग्रजीत ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात. पहिला तुकडा नाकाचा, आणि मागचा ‘ट्रिल’ म्हणजे हाच जुना ‘थिरेल’. नाकाचं भोक, एवढाच त्याचा साधा अर्थ. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला आपण हा शब्द पाठ केला, तेव्हा त्यात थ्रिल दडलेला आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग भोकाचा थरार कसा झाला? टप्प्याटप्प्याने. आधी भाला अंगात घुसे, त्याला हे क्रियापद लागे. मग थंडी, भीती, दुःख ही भाल्यासारखी अंगातून आरपार जाऊ लागली. सोळाव्या शतकाच्या शेवटी शेक्सपिअरची ज्युलिएट औषध पिण्याआधी म्हणते की, एक अस्पष्ट गार भीती माझ्या शिरांतून ‘थ्रिल’ होत जाते आहे. तिथे आनंदाचा लवलेश नाही. पण त्याच सुमारास हा शब्द सुखाच्या कंपालाही लागू व्हायला सुरुवात झाली होती. ‘एक थ्रिल’ असं नाम त्यानंतरचं, सतराव्या शतकातलं. आणि सनसनाटी गोष्टीला ‘थ्रिलर’ म्हणणं तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. म्हणजे भोकापासून रहस्यकथेपर्यंतचा हा प्रवास हजार वर्षांचा आहे. आरपार जाणं मागे पडलं आणि त्यामुळे अंगात उठणारं कंपन उरलं. त्या कंपनाची एक वाट बंजीच्या दोरीकडे गेली, दुसरी मावशीच्या मनगटाकडे.

मराठीतही हा भाला आहे, पण आपण तो दुःखासाठी राखून ठेवला. शब्द जिव्हारी लागतो, काळजात घुसतो, बोलणं मर्मभेदी असतं. आनंद काळजात घुसला असं आपण म्हणत नाही. आनंद आपल्याकडे मावत नाही, ओसंडतो. कोशात हे सापडणार नाही. तुम्ही वेचलेल्या वाक्यांतूनच दिसेल.

नातं जोडण्याआधी थांबा

सगळ्यांत जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे वेळ द्या.

थ्रिल आणि थरार. अर्थ एक, सुरुवात ‘थ’ने, मध्ये ‘र’. थ्रिलर सिनेमाला आपण थरारपट म्हणतो. हे दोन्ही एकाच मुळातून आले असणार, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. ते खोटं आहे. थरार हा थरथर, थरकाप, थरकणे यांच्या घरातला. हलण्या-कापण्याचा आवाज आणि गती यांची नक्कल करणारा शब्द. सळसळ, खळखळ, धडधड जसे तयार होतात तसाच. इंग्रजी थ्रिलच्या मुळात कंप नव्हताच, भोक होतं. कंप मागून आला. दोन वाटा अगदी वेगवेगळ्या ठिकाणाहून निघाल्या आणि अर्थाच्या एका नाक्यावर भेटल्या, इतकंच.

आणखी एक गोष्ट बघा. आपण ‘थ्रिल’मध्ये ‘थ’ लिहितो ती आपली सोय आहे. इंग्रज तो आवाज जीभ दातांना लावून हवा सोडत काढतो, आपला ‘थ’ म्हणजे ‘त’ला ‘ह’ची जोड. ध्वनी वेगळे, फक्त देवनागरीत अक्षर एक. लिहिलेल्या अक्षरावर नातं जोडायचं नसतं.

मग कशावर जोडायचं? नियमावर. आणि या नियमाची पहिली चाहूल ज्यांना लागली, त्यांच्यात आपल्या गोव्यातला एक माणूस आहे. १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात आले, इथलेच झाले, पुढे मराठीत ओव्या रचून त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं. १५८३ साली त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिलं आणि त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं नोंदवलं. दोनच वर्षांनी फिलिपो सासेत्ती या इटालियन व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांतली साम्यं पत्रातून कळवली, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प. हे सासेत्ती १५८८ साली गोव्यातच वारले. कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळाच्या असाव्यात असं जाहीर मांडलं ते १७८६ साली, म्हणजे स्टीफन्सच्या पत्रानंतर दोनशे वर्षांनी. गोव्यातल्या साष्टीत बसून आपल्या भाषा कान देऊन ऐकणाऱ्या त्या पाद्रीचं नाव शब्दांच्या नादी लागलेल्या प्रत्येक गोवेकराला ठाऊक असायला हवं.

नियम बांधून दिला जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनी, १८२२ साली. त्यातला आपल्या कामाचा तुकडा असा: संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ‘त’ असेल तर त्याच्या इंग्रजी भावंडात ‘थ’सारखा तो आवाज येतो. त्रि आणि थ्री. तृष्णा आणि थर्स्ट. तनु, म्हणजे बारीक, आणि थिन. आता उलटं चला. थ्रिलचं भावंड संस्कृतात असेल तर ते ‘थ’ने नव्हे, ‘त’ने सुरू व्हायला हवं. थरार इथेच बाद होतो.

‘त’कडे वळलं की दार उघडतं. थ्रिलचं मूळ आणि इंग्रजी ‘थ्रू’चं मूळ एकच, आरपार जाणं. (आपण नाही का म्हणत, ‘पार्सल त्याच्या थ्रू पाठवलं’?) लॅटिनात त्याचा ‘ट्रान्स’ झाला. संस्कृतात ‘तिरस्’, म्हणजे पलीकडे, आडवं. त्यावरून तिरस्कार, मूळ अर्थ बाजूला सारणं. आणि ‘तॄ’ धातू, ओलांडून जाणे. तरणे, उतरणे, तारणे. तीर्थ, म्हणजे मुळात नदी ओलांडायची उथळ जागा. अवतार, खाली उतरणं. कोकणात खाडी ओलांडायच्या होडीला तर म्हणतात. गोव्यात तीच तार झाली, पूल नव्हता तेव्हाची शिवोलीची तार अजून त्याच नावाने ओळखली जाते.

हे पहिल्यांदा वहीत लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर खरोखर काटा आला. उडी मारणाऱ्या मुलाचा थ्रिल, नाकपुडी, तीर्थ, अवतार आणि शिवोलीची तार, सगळ्यांच्या तळाशी एकच कृती: या बाजूने त्या बाजूला जाणं.

पण उत्साहाच्या भरात पुढे धावू नका, लगेच दुसरा खड्डा आहे. नदीचा तीर या घरात बसवतात, म्हणून बाणाचा तीरही बसवावासा वाटतो, तोही आरपार जातोच की. मात्र बाणाचा तीर फारसीतून आला, आणि त्याचं मूळ टोकदार या अर्थाच्या शब्दात आहे. एकाच उच्चाराचे दोन वेगळे शब्द. तसंच इंग्रजीतलं ‘एन्थ्रॉल’, मंत्रमुग्ध करणं. थ्रिलचा भाऊ वाटतो, पण त्यात आहे ‘थ्रॉल’, गुलाम, तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला. अर्थ जुळतो एवढ्यावर नातं जोडलं की चूक, आवाज जुळतो एवढ्यावर जोडलं तरी चूक. दोन्ही जुळावेत, आणि मधल्या टप्प्यांचा लेखी पुरावा असावा.

एक वाट वेगळी: आलेले शब्द

वरचा नियम भावंडांना लागतो, पाहुण्यांना नाही. गोव्यात पाहुणे फार. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, लिलाव, घमेलं हे पोर्तुगीजमधून उचललेले, त्यांना ग्रिमचा नियम लावू नका. यांच्यासाठी आसगावात १८५५ साली जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांचे ग्रंथ आहेत. आशियातल्या भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांवरचं त्यांचं पुस्तक १९१३ सालचं. कोकणी-पोर्तुगीज कोश त्याच्याही आधीचा, १८९३चा. ‘थ्रिल’ही मराठीत पाहुणाच आहे, इंग्रजीतून सरळ आलेला. तीर्थाशी त्याचं नातं जुनं, पण आपल्या घरी तो अलीकडे आला. या दोन गोष्टी नोंदीत वेगळ्या लिहा.

नोंद कशी लिहावी

माझ्या वहीतली आजची नोंद देते, तशीच्या तशी:

थ्रिल. पु. इंग्रजीतून. मराठीत: धोक्याची किनार असलेली उत्तेजना. इंग्रजीत आणखी: अत्यानंद, वैद्यकात हाताला लागणारा कंप. मूळ: जुनी इंग्रजी ‘थिरेल’, भोक, क्रियापद, आरपार जाणे. सख्खे: नॉस्ट्रिल, थ्रू. दूरचे: ट्रान्स, तिरस्, तरणे, तीर्थ, अवतार. नातं नाही: थरार, तीर (बाण), एन्थ्रॉल. ऐकलं कुठे: भाचा, कळंगूट, काका, शेजारी, मावशीची नर्स.

‘नातं नाही’ ही ओळ कधीही गाळू नका. सहा महिन्यांनी तीच चूक तुम्हाला पुन्हा मोहात पाडेल, तेव्हा तीच वाचवेल. आणि ऐकलं कुठे हे लिहिलंत तर नोंद तुमची राहते, कोशाची नक्कल होत नाही.

सरावासाठी एक शब्द देते, त्याला ग्रंथालयातही जावं लागणार नाही. रायबंदरहून चोडणला जाताना आपण ‘फेरी’त बसतो, आणि ती दिवसाला कितीतरी ‘फेऱ्या’ मारते. बोटीची फेरी इंग्रजी, चकरांची फेरी आपली, फिरण्यातून आलेली. दोन्ही एकच आहेत का? ग्रिमच्या नियमाचा दुसरा तुकडा हाताशी घ्या: संस्कृत ‘प’ तिकडे ‘फ’ होतो, पितृ आणि फादर, पाद आणि फुट. मग इंग्रजी फेरीचं भावंड आपल्याकडे ‘फ’ने सुरू होणार नाही, ‘प’ने होईल, आणि त्याचा अर्थ पलीकडे नेण्याशी जुळायला हवा. चोडणच्या धक्क्याला बोट लागून लोखंडी फळी खाली पडेपर्यंत विचार करा. तोवर तुम्ही नदी पार केलेली असेल, आणि तो शब्दही तोच आहे: पार.